रोपांवरच्या काचा

मधुसूदनरावांनी लाकडी चौकटीतून सातवी काच सरकवून काढली आणि मागे न पाहता पद्माताईंच्या हाती दिली. पद्माताईंनी पदराने तिच्यावरचे दहिवर पुसले आणि ती भिंतीशी टेकवलेल्या काचांच्या रांगेत उभी केली. पौषातली सकाळ होती. ग्वाल्हेरच्या थंडीत फुलझाडांची कोवळी रोपे एका रात्रीत करपतात. म्हणून सूर्य कलला की वाफ्यावर काचा सरकवायच्या आणि ऊन अंगणात उतरले की काढायच्या, हा नेम सुरू झाल्याचा हा तिसरा हिवाळा होता. काचा एकूण चौदा, सगळ्या एका मापाच्या. चौकट मधुसूदनरावांनी स्वतः केली होती आणि तिच्या खाचा इतक्या काटेकोर होत्या की काच आत जाताना खडखडत नसे. रियासतीच्या बांधकाम खात्यात तीस वर्षे नकाशे काढलेला हात होता तो.

आठवी काच निघाली तेव्हा ओसरीवरचा मुन्शी उठला. हा कुत्रा पोस्टमनवर भुंके, दूधवाल्यावर भुंके, कधी कधी स्वतःच्या सावलीवरही भुंके. आज तो घशातल्या घशात कण्हत फाटकाकडे धावला आणि आलेल्या माणसाच्या पायांना अंग घासू लागला.

"काकू, मी आहे."

फाटकात जयसिंहराव उभे होते. अंगात सरकारी कारकुनाचा काळा कोट, आणि छातीशी शालीत गुंडाळलेले मूल.

पद्माताईंनी हातातली काच खाली ठेवली. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि दोन्ही बाहू पुढे केले. मूल त्यांच्याकडे आले. त्यांनी शालीची कड सारून पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

मधुसूदनराव काचा काढीत राहिले. नववी, दहावी. घ्यायला आता कुणी नव्हते, म्हणून प्रत्येक काच घेऊन ते स्वतः भिंतीपर्यंत जात आणि परत येत. चौदाही काचा झाल्यावर त्यांनी नळावर हात धुतले, बोटांच्या पेरांतली माती नीट काढली आणि म्हणाले,

"आत बसा. इथे गारठा आहे."

जयसिंहराव ग्वाल्हेरच्याच कंपू भागातल्या एका जुन्या लष्करी घराण्यातले. दौलतगंजातल्या नाट्यमंडळाचे ते नायक. गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमी वर्षानुवर्षे याच घराच्या ओसरीवर होत. मधुसूदनराव पडदे रंगवीत आणि प्रयोगाच्या दिवशी सर्व मंडळींचा फोटो काढीत. पद्माताई वीस-वीस जणांची खिचडी शिजवीत. स्त्रीची भूमिका मिशा काढलेल्या पुरुषाने करण्याची मंडळाची रीत मोडून एकोणीसशे पंचावन्न साली या घरची मुलगी शामला उभी राहिली, तीही बापाच्या संमतीने. त्याच सालच्या मार्गशीर्षात तिने जयसिंहरावांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, आणि तेवढी संमती मात्र मागितली नाही. मुलगा जातीबाहेरचा, हे तर होतेच. पण आपल्याच ओसरीवर, आपल्याच समोर, आपण पडद्यावरची झाडे रंगवीत असताना हे ठरत गेले, हे मधुसूदनरावांना गिळता आले नाही. पुढच्या साली राज्यांची फेररचना झाली, मध्यभारत संपले, आणि कचेऱ्यांची कपाटे, टेबले, माणसे भोपाळला निघाली. त्यांत जयसिंहरावांची बदली झाली. शामला निघाली त्या दिवशी पद्माताई स्टेशनवर गेल्या. मधुसूदनराव गुलाबांची छाटणी करीत होते.

त्यानंतर गेल्या आश्विनात एक पोस्टकार्ड आले. बाळंतपण. शामला गेली, तिची मुलगी वाचली होती.

स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास आला. मूल मांडीवर घेऊनच पद्माताईंनी रवा भाजला होता. ताटली जयसिंहरावांपुढे ठेवून त्या पाटावर बसल्या.

"खाऊन घ्या. किती वाळलात! तिकडे भोपाळला खायचं काय करता?"

"खानावळ आहे ना दफ्तराजवळ. आई आली होती दोन महिने, पण तिची तब्येत तिकडे लागत नाही. आता हिला कंपूत आईकडेच ठेवतोय. उद्याच्या गाडीने परत जायचंय."

"म्हणजे ही इथेच राहणार?" पद्माताईंचा आवाज एकदम उजळला. "मग मी येत जाईन. रोज नाही, पण येत जाईन."

"या ना, काकू. आई वाट पाहतेय तुमची."

"नाव काय ठेवलंत?"

"कुसुम. तिनेच सांगून ठेवलं होतं."

पद्माताईंनी मुलीच्या तळव्याला बोट लावले. मुठीने ते धरले.

"पाठांतर बापासारखं नको हं, कुसुमताई," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाला माझी खिचडी पाठ होती, संवाद नव्हते. पडद्यामागून सांगून सांगून सांगणाऱ्याचा घसा बसायचा."

जयसिंहराव हसले. खुर्चीत बसलेल्या मधुसूदनरावांच्या ओठांचीही एक कड हलली, आणि लगेच स्थिर झाली. क्षणभर ओसरी तालमीच्या दिवसांसारखी झाली होती, ते तिघांनाही कळले.

जयसिंहरावांनी ताटली बाजूला ठेवली.

"काका, एक मागायला आलोय."

"बोला."

"तिचा फोटो पाहिजे. एकही नाही माझ्याजवळ. लग्न नोंदणीचं, तिथे कोण काढणार? नंतर दोनदा म्हटलं, चल, स्टुडिओत जाऊ. ती म्हणायची, काढेन तर बाबांच्याच हातून. ते बोलावतील तेव्हा." त्यांनी पद्माताईंच्या मांडीवरच्या मुलीकडे पाहिले. "ही मोठी होईल, विचारेल. लहानपणचा असला तरी चालेल. कुठलाही चालेल."

मधुसूदनरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागले.

"अहो, एवढंच ना!" पद्माताईच म्हणाल्या. "छापलेले फोटो नाहीत हो घरात. ते..." त्यांनी नवऱ्याकडे पाहिले नाही. "ते बंबात गेले तेव्हाच. रागात माणूस करतो. पण काचा आहेत ना. मूळ काचा आहेत, ट्रंकेत. तिच्या जावळापासूनच्या. काचेवरून हवे तेवढे छापता येतात, हेच सांगायचे ना तुम्ही मला? मी मागितले नाहीत इतके दिवस. म्हटलं, तुमचं मन होईल तेव्हा काढाल." त्या जयसिंहरावांकडे वळल्या. "पहिल्या दिवशी शाळेला निघाली तो आहे. सायकलवरचा आहे. माझ्या शालूत गौरीपुढे बसलेला आहे, तो तर इतका..."

"नाहीत," मधुसूदनराव म्हणाले.

"काय नाहीत?"

"काचा आहेत. त्यांच्यावर काही नाही."

पद्माताईंना समजले नाही. त्यांनी तसेच हसरे तोंड ठेवून त्यांच्याकडे पाहिले. मधुसूदनरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खात्यात एखाद्या पुलाचा अहवाल वाचावा तसे एकेक वाक्य उच्चारले.

"कढत पाण्यात धुण्याचा सोडा घातला. त्यात अर्धा तास काच ठेवली की वरचा थर सुटतो. तीन रविवार लागले. काच चांगल्या प्रतीची होती. टाकवेना."

पद्माताई उठल्या. मूल त्यांनी जयसिंहरावांच्या हाती दिले आणि अनवाणी अंगणात गेल्या. भिंतीशी उभ्या केलेल्या चौदा काचांपुढे त्या बसल्या. एक उचलली आणि आभाळाकडे धरली. ठेवली. दुसरी उचलली. ऊन त्यांच्यातून सरळ आरपार येत होते. प्रत्येक काच त्यांनी पाहिली, एकही गाळली नाही. मुन्शी त्यांच्याजवळ जाऊन बसला.

परत आल्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मी पुसते त्या. पदराने पुसते."

मधुसूदनरावांनी मान खाली घातली.

जयसिंहराव उठले. मुलीला शालीत गुंडाळू लागले. शालीचे टोक त्यांना नीट खोचता येईना.

"येतो मी, काकू. आई काळजी करत बसेल."

"थांबा." मधुसूदनराव खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. "एक आहे. पण ती... पाहा तुम्ही."

कोठीच्या खोलीतून त्यांनी एक बदामी पाकीट आणले. त्यावर क्रमांक होता, तारीख होती. आतली काच त्यांनी कडांना धरून बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात जयसिंहरावांसमोर धरली. पंचावन्न सालच्या नाटकाचा फोटो. तेरा माणसे. ही काच सोड्यात टाकता आली नव्हती, कारण बाकीच्या बारा जणांनी कोणता गुन्हा केला होता? म्हणून भिंगाखाली धरून, वस्तऱ्याच्या पात्याने, त्यांनी फक्त शामलेवरचा थर खरवडून काढला होता.

दुसऱ्या कुणी खरवडले असते तर वेडेवाकडे ओरखडे उठले असते. पण मधुसूदनरावांच्या हाताने आयुष्यात कधी रेषा ओलांडली नव्हती, ती त्या दिवशीही ओलांडली नाही. अंबाड्याची गोलाई, कपाळ, नाकाचा शेंडा, हनुवटी, मान, खांद्यावरून उतरणारा पदर, अर्धवट उचललेला हात. पाते सगळीकडे कडेकडेने फिरले होते. तिसऱ्या जागी, माणसांच्या गर्दीत, शामलेच्या आकाराची स्वच्छ काच होती.

जयसिंहरावांनी वाकून बराच वेळ पाहिले.

"हा छापून द्या, काका."

"यात ती नाही."

"आहे की. ही कोण मग?"

"चेहरा येणार नाही. नुसतं काळं उमटेल."

"उमटू दे."

मधुसूदनरावांनी पद्माताईंकडे पाहिले. त्यांनी मूल परत मांडीवर घेतले होते आणि त्या त्याच्या कानाची पाळी निरखीत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"द्या छापून," त्या म्हणाल्या.

फुलांचे फोटो मधुसूदनराव अजून काढीत, त्यामुळे औषधे तयार होती. कोठीच्या खोलीचे दार लावून त्यांनी फटीखाली गोधडी सरकवली. लाल दिवा लावला. तीन थाळ्या नेहमीच्या क्रमाने मांडल्या, पहिलीतले द्रावण थंडीमुळे थोडे कोमट करून घेतले. जयसिंहराव दाराला पाठ लावून उभे राहिले. काचेखाली कागद ठेवून मधुसूदनरावांनी पांढरा दिवा चार सेकंद लावला, विझवला, आणि कागद पहिल्या थाळीत सोडला.

कागद औषधात पंचेचाळीस सेकंद ठेवायचा. कमी नाही, जास्त नाही. पंचवीस वर्षांत त्यांनी हा आकडा मोडला नव्हता, आणि शिकायला आलेल्या प्रत्येकाला सांगितले होते की घाईने काढलेला फोटो हा फोटोच नव्हे. ते ओठांतल्या ओठांत मोजू लागले. एक. दोन. थाळी एका कडेने हळूच उचलायची, खाली ठेवायची. तीन. चार.

कागद पांढरा होता. मग त्या पांढऱ्यात डावीकडे काहीतरी दाटले. जिथून उजेड अडथळ्याविना आला होता तिथेच कागद प्रथम काळा होतो. हे त्यांना पाठ होते, पण आज ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते. अंबाडा आला. कपाळ आणि नाक आले. मान, पदर, उचललेला हात. बाकीची माणसे अजून कुठेच नव्हती. रंगवलेला पडदा नव्हता, झाडे नव्हती. तेरा जणांत ती सर्वांच्या आधी आली होती.

नऊ. दहा. तिच्या शेजारी कुणाच्या मिशीची, कुणाच्या पगडीची फिकट रेघ उमटू पाहत होती.

मधुसूदनरावांनी दोन बोटांनी कागद उचलला.

"काका, बाकीचे अजून—"

"राहू द्या."

त्यांनी कागद मधल्या थाळीत बुडवला आणि लगेच तिसरीत, जिथे चित्र कायम होते. थाळीतले पाणी कडेवरून सांडले. ते त्यांनी पुसले नाही.

जयसिंहराव जवळ आले. पांढऱ्या कागदावर शामला एका बाजूला पाहत उभी होती. उचललेल्या हाताच्या पुढे, थोडे अंतर सोडून, चार बारीक काळ्या रेघा हवेत होत्या.

"हे काय?"

"दुसऱ्या हाताची बोटं. तुमच्या बाहीवर होती." मधुसूदनरावांनी त्या रेघांकडे बोट केले. "तीही खरवडली मी."

जयसिंहरावांनी डाव्या हाताने आपल्या कोटाची उजवी बाही कोपराजवळ धरली, आणि ते तसेच उभे राहिले.

बाहेर मूल जागे होऊन रडू लागले होते. पद्माताई त्याला थोपटीत दाराशी आल्या.

"दिसतंय का काही?" त्यांनी दाराबाहेरून विचारले.

मधुसूदनराव थाळीवर वाकले.

"हो," ते म्हणाले. "एकटीच आहे."