वाकडी चिलीम

पंढरीला मारलं ते चंदूने. पण त्याच्या हाताला कारण दिलं ते मी, असं मला वाटतं, आणि इतकी वर्षं उलटसुलट विचार करूनही त्यात चूक सापडलेली नाही.

१९५३ साली मी ठाण्याच्या एका वाचनालयात कामाला होतो. लग्न झालेलं नव्हतं. बोलायला फारसं कोणी नव्हतं. होत्या त्या चिलमी. खाडीकाठी मिठागरांचे बांध घालताना चिखलातून जुन्या फिरंगी खलाशांच्या पांढऱ्या मातीच्या चिलमी निघत. बहुतेक मोडक्या, बोटभर नळ्याच. मी त्या धुऊन, कापसात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवी. तंबाखू मात्र मी आयुष्यात एकदाच ओढली आणि अर्धा दिवस खोकलो.

या नळ्या मला पंढरी आणून देई. कोलशेतच्या पुढे खाडीला लागून पंधरा-वीस घरांचा आगऱ्यांचा एक पाडा होता, तिथला तो. मिठागरात काम करी. मला तो मास्तर म्हणे, मी मास्तर नसलो तरी. पाड्याने त्याला दोन वर्षं वाळीत टाकलं होतं. कारण असं, की चंदू नावाच्या त्याच्या भाऊबंदाने मिठागराच्या रखवालदाराला कोयत्याने तोडताना त्याने पाहिलं आणि कोर्टात तसं सांगितलं. रखवालदार लंगडा झाला, चंदू दीड वर्ष तुरुंगात गेला. पाड्याचं म्हणणं, पंढरी खोटं बोलला. वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा झालं होतं. ते राजपत्र वाचनालयाच्या फायलीला मीच लावलं होतं. पण पंढरीची आई मेली तेव्हा तिरडीला चौथा खांदा मिळाला नाही, तो त्याच्या मुलीने, मालनने दिला. तिची दोन लग्नं ठरून मोडली होती.

चैत्रात तो वाचनालयाच्या दारात येऊन हसत उभा राहिला.

"मास्तर, मालनचा ठरला. आंबिवलीचा पोरगा. ते बोलतान, पुनवेला तुमाला पंगतीन घेतला तर लगीन, नायतर नाय. आनि गोमाजीबाबा घेतो बोललाय."

गोमाजी म्हणजे पाड्याचा पंच. "घेणार कसं?" मी विचारलं.

"वाकडी वढायची. सगल्यांचे मोरं."

वाकडी ही पाड्याची चिलीम. मी ती पाहायला गेलो. गोमाजीने ती फडक्यातून काढली आणि मी पुढे वाकलो. काळी, इथल्याच मातीची, पण आकार सरळ चिलमीचा नाही. फिरंगी चिलमीसारखी नळी, गुडघ्यात दुमडावी तशी वळलेली, वर रुंद तोंड, तोंडाखाली नखांच्या खुणांच्या तीन ओळी. इथल्या कुण्या कुंभाराने दोनशे वर्षांपूर्वी खलाशाची चिलीम पाहून आपल्या चाकावर केलेली. असं काही असेल अशी माझी कल्पना होती, पुरावा नव्हता. आता तो समोर होता.

"आठ दिवस द्या. चित्र काढून परत आणतो," मी म्हणालो. मी इतकं धीटपणे कधीच काही मागितलं नव्हतं.

गोमाजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. दुसऱ्याने त्याने मला बराच वेळ निरखलं. "पुनवेला पायजे, मास्तर. खोटा मानूस वढाया लागला तं ती त्याचे हातान फुटते. आज्याचे आज्यापास्न हाय, पन अजून फुटली नाय."

चित्र एका संध्याकाळी झालं. उरलेले दिवस मी ती नुसती हातात घेऊन बसलो. पाचव्या दिवशी कल्याणला भिवा कुंभाराकडे गेलो आणि तशीच दुसरी करायला सांगितली.

भिवाने ती उलटीपालटी केली. "वाकडी वस्तू सांध्यात मरते, मास्तर. पंधरा दिवस सावलीत वाळवावी लागेल."

"तीन दिवसांत हवी."

"मग कपाटात ठेवा. विस्तव घालू नका हिच्यात."

मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

नवी चिलीम मी चहाच्या पाण्यात उकळली, करंजाचं तेल पाजलं, काजळी चोळली. चार झुरक्यांचा प्रश्न, निभेल. वर्ष-दोन वर्षांत खरी गुपचूप परत ठेवू. असं मी स्वतःला सांगितलं. पुनवेला सकाळी मी नवी चिलीम फडक्यात गुंडाळून गोमाजीच्या हातात दिली. त्याने ती डोळ्याजवळ नेली, अंगठा फिरवला, म्हणाला, "पुसलीस काय रे? गुलगुलीत लागते."

"थोडी," मी म्हणालो.

दुपारी देवीच्या देवळासमोर सगळे जमले. पंढरी धुतलेला सदरा घालून मध्ये उकिडवा बसला होता. मागे बायकांत मालन. चंदू मीठ ओढायचं लाकडी फावडं टेकून उभा होता. सुटून आल्यापासून तो म्हणे काम करत नसे, फावडं मात्र घेऊन फिरे. भात शिजत होता.

"चंद्या, बस ना," कुणीतरी म्हणालं.

"मी उभ्यानंच बगतो. खोटं बोलनाऱ्याचे मांडीला मांडी कोन लावील?"

"तुजी मांडी मागितली कोनी?" एक म्हातारी बोलली, आणि सगळे हसले. पंढरीही हसला.

गोमाजीने तंबाखू भरली, निखारा ठेवला, नळीला ओलं फडकं लावलं आणि पहिला झुरका घेतला. तोंड वाकडं केलं. मातीची चव लागली असणार. चार पंचांनी ओढली. मी मोजत होतो. मग ती पंढरीच्या हातात गेली.

"मी कोर्टान खरा बोललो," पंढरी म्हणाला आणि दोन्ही गाल आत घेऊन ओढू लागला.

टक्कन आवाज झाला. चिलीम वळणावर तुटली. तोंड निखाऱ्यासकट त्याच्या मांडीवर पडलं, नळी हातात राहिली.

पंढरीने निखारा झटकलाही नाही. धोतर जळत होतं आणि तो हातातल्या नळीकडे पाहत होता. मी चंदूकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होतं. रखवालदाराला कोणी तोडलं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग ते आश्चर्य गेलं आणि तो आनंदाने ओरडला, "बगला? देवीनं सांगला!"

पहिला फटका पंढरीच्या खांद्यावर बसला. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. दुसरा मानेवर. पंढरी हात वर करत म्हणत होता, "मी खरा बोललो, बाबा, मी खरा बोललो." तिसरा फटका फावड्याच्या धारेने तोंडावर बसला. ओलं लाकूड फोडावं तसा आवाज झाला. जबडा एका बाजूला सरकला, गाल ओठापासून कानाकडे फाटला आणि आतले दात दिसू लागले. मालन धावत आली. चंदूने तिला लाथेने बाजूला केलं आणि पुन्हा फावडं उचललं. कुणी अडवलं नाही. देवीने सांगितलं होतं.

मी गोमाजीचं धोतर ओढलं. "ती खोटी आहे," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी किंचाळलो. माझा तसला आवाज मी त्याआधी किंवा नंतर कधी ऐकला नाही. "चिलीम खोटी आहे! कल्याणहून करून आणली. खरी माझ्या घरी आहे!"

फावडं वरच थांबलं. चंदूने ते टाकलं आणि माझा गळा धरला. "पंढ्याचा मानूस हाय ह्यो! शिकवून आनलाय!" त्याने माझं डोकं देवळाच्या पायरीवर दोनदा आपटलं. माझे पुढचे दोन दात तिथेच पडले.

"सोड," गोमाजी म्हणाला. त्याने तुटकी चिलीम उचलून तुटलेल्या कडेला जीभ लावली, थुंकला. "कच्ची हाय." मग पंढरीकडे वळून म्हणाला, "दवाखान्यान नेऊ तुना?"

पंढरीला बोलता येत नव्हतं. त्याने मावळतीकडे बोट दाखवलं आणि नकारार्थी मान हलवली. पुनव आज होती. सूर्य बुडायच्या आत खरी वाकडी ओढली नाही, तर पंगत नाही आणि मालनचं लग्नही नाही.

गोमाजी स्वतः माझ्याबरोबर टांग्यातून ठाण्याला आला. खोलीत मी खरी वाकडी त्याच्या हातात दिली. त्याने ट्रंकेतल्या बाकीच्या पाहिल्या.

"ह्या कोनाच्या?"

"कुणाच्याच नाहीत. चिखलातल्या."

"कोनाच्या ना कोनाच्या तोंडान असतील ना?" त्याने वहाण न काढता ट्रंकेत पाय ठेवला आणि सावकाश, पूर्ण भार देऊन उभा राहिला. मग दुसरा पाय ठेवला. अकरा वर्षं जमवलेल्या नळ्या कुरकुर वाजत मोडल्या. मी भिंतीला टेकून, रुमाल तोंडात धरून पाहत राहिलो.

परतलो तेव्हा सूर्य मावळतीच्या डोंगराला टेकला होता. पंढरी तिथेच बसला होता. त्याने कुणाला आपल्याला आडवं करू दिलं नव्हतं. सदरा पोटापर्यंत लाल होता. गोमाजीने चिलीम भरून दिली. पंढरीने ती ओठांना लावली, पण ओठ मिटेनात. मालनने पुढे होऊन बापाचा फाटका गाल दोन्ही हातांनी दाबून धरला.

"ती वढते, तो नाय!" चंदू ओरडला. "हात काढ!"

गोमाजीने डोळे मिटले. मग म्हणाला, "मालन, हात काढ."

तिने हात काढले. पंढरीने डाव्या हाताने चिलीम धरली, उजव्या हाताची मूठ गालात खुपसली आणि ओढलं. त्याच्या घशातून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. निखारा लाल झाला. दुसऱ्यांदा ओढलं. धूर नाकातून आला, आणि मुठीच्या कडेने, गालातल्या भेगेतून, रक्ताच्या फेसाबरोबर आला. चिलीम शाबूत होती.

"वाढा," गोमाजी म्हणाला.

पानं मांडली. रिवाजाप्रमाणे ज्यांचं भांडण त्यांनी शेजारी बसून जेवायचं, तेव्हाच पंगत पुरी. गोमाजीने चंदूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मालनने एक शीत, एकच, बापाच्या जिभेवर ठेवलं. ते रक्ताबरोबर बाहेर येऊन पानावर पडलं. पंढरीने ते शोधून चिमटीत उचललं, पुन्हा तोंडात घातलं आणि हनुवटी हाताने वर ढकलून धरली. सगळी पंगत हात आवरून त्याचा गळा हलतो का ते पाहत होती.

गळा हलला. मग त्याने चंदूच्या पानाकडे बोट दाखवलं. जेव, अशी खूण केली.