लिएंडरकाकांची आंघोळ

आदल्या दिवशी सकाळी इस्पितळात कामावर आले ती मी अजून सुटलेच नव्हते. धुक्यामुळे फेरीबोट बंद, त्यामुळे बदलीची नर्स पलीकडच्या काठावर अडकलेली. माझं घरही तिकडेच. आमचं न्यूफाउंडलंडचं धुकं म्हणजे आगाऊ पाहुणा, एकदा बसला की उठायचं नाव नाही. डोरिस, आमची मुख्य नर्स, म्हणाली, "व्हर्निस, लिएंडरकाकांना तेवढं आवर, मग सकाळची औषधं देऊन टाक." लिएंडरकाका पहाटेच गेले होते.

"कसली औषधं? मला समोरचं धड दिसत नाहीये."

"दिसतंय कुणाला? बाहेर बघ की," म्हणून हसली मेली!

पाण्याचं भांडं घेऊन निघाले. बोळ लांबच लांब होत चालला होता. भिंती मऊ दिसत होत्या, वाटलं, यांच्यावरच आडवं व्हावं.

गेलेल्या माणसाला आंघोळ घालताना त्याच्याशी बोलायचं, ही आमची रीत. सगळं सांगून सांगून करायचं आणि शेवटी खिडकी किलकिली करायची, जिवाला वाट हवी म्हणून.

"काका, पाणी कोमट आहे हं. आता हात घेते तुमचा. किती जाळी ओढली असतील या हातांनी! दमलात ना? आता कसली घाई नाही." बोलता बोलता मलाच फार बरं वाटायला लागलं. खोलीभर राखाडी उजेड, पाण्याचा बारीक आवाज. जणू आम्ही दोघं एका होडीत निजलोय आणि वल्हं कुणीच मारत नाहीये. केस विंचरले, कपाळावर हात ठेवला, मग खिडकी उघडली. धुकं अलगद आत आलं.

"म्हणजे लिएंडर गेला," मागून आवाज आला.

माझ्या हातातला कंगवा पडला. पलंगावर हेडलीकाका होते. शेजारच्या खोलीतले, पाय मोडला म्हणून आलेले, चांगले जिवंत! मी खोली चुकले होते, आणि अंग ऊन आहे हेसुद्धा मला कळलं नव्हतं.

"अहो काका, बोलायचं नाही का? ओरडायचं ना!"

"बोललो असतो तर तू गप्प झाली असतीस." त्यांनी डोळे पुसले. "इतके दिवस झाले मला इथे. 'कूस बदला', 'घंटा कशाला वाजवली', यापलीकडे शब्द नाही. इतकं गोड बोलता येतं तुला पोरी, त्यासाठी मरावं लागतं होय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खोटं काय बोलले ते? मेलेले घंटा वाजवत नाहीत, मेलेले खेकसत नाहीत. माझ्यात उरलीसुरली माया होती ती मी मेलेल्यांसाठी राखून ठेवली होती. आणि असली मी, ऊन अंग की गार अंग ते न कळणारी बाई, आता औषधं वाटायला निघणार होते. कुणाचा तरी जीव घेतला असता मी.

सरळ डोरिसकडे गेले, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि झालं ते सांगितलं.

"अगं, दुपारपर्यंतच तर प्रश्न आहे. दमलोय आपण सगळ्याच."

"मी जिवंत माणूस आवरून आलेय, डोरिस. आता माझ्या हातून एक गोळीही जायची नाही."

"मग देणार कोण?"

"तू दे. नाहीतर वरच्या साहेबांना उठव. आणि काढलं मला, तर चुलीत गेली त्यांची नोकरी!"

या वेळी ती हसली नाही. किल्ल्या उचलल्या आणि कपाटाकडे निघाली.

घरी जायला बोट नव्हतीच. मी कोट चढवला आणि हेडलीकाकांजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

"आता काय पुसायचं राहिलंय?"

"काही नाही. कामावर नाहीये मी."

"मग बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मघाच्या आवाजात."

मी बोलायला लागले. आईचं बोलले. घरी गेल्यावर दार लावून घेते आणि नवऱ्याशीही बोलवत नाही, तेही सांगितलं. डोळे मिटत होते, शब्द धुक्यात चालल्यासारखे सावकाश येत होते. काका मधूनमधून "हं" म्हणत होते.

आजवर या आवाजात इतक्या जणांशी बोलले मी, "हं" कुणी म्हटलं नव्हतं.