इल्माच्या पेटीतली जागा

मित्रांनो, रेनो लाहतीच्या उजव्या मनगटावर जो जुना रिलीजर असायचा, तो मी. आता तिथे नसतो. का नसतो, ते सांगायला बसलो आहे.

दोन्ही टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची दोरी फार ताठ असते. ती बोटांनी ओढली तर बोटं सोलतात आणि बाण वाकडा जातो. म्हणून ती माझ्या पोलादी जबड्यात अडकवतात. माझा कातडी पट्टा मनगटाला बांधायचा, दोरी गालापर्यंत ओढायची आणि तर्जनीने माझा चाप दाबायचा. जबडा उघडतो आणि बाण सुटतो. धरायचं आणि सोडायचं, एवढंच माझं काम.

मला इल्माने आणलं. ती रेनोची बायको. एका छोट्या कारखान्यात माझे दात घासून गुळगुळीत झाले आणि गावातल्या दुकानात मी काचेमागे बसलो. इल्माने चाप दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हाच द्या. आमच्याकडच्या माणसाला धीर नाही, त्याला चापच लागेल."

ते खरंच होतं. ती स्वतः वेगळा रिलीजर वापरायची. त्याला चाप नव्हता. पितळेची एक चंद्रकोर होती. दोरी ओढून हात पाठीकडे खेचत राहिलं की ती हळूहळू फिरायची, 'टिक्' असा आवाज यायचा आणि पुढच्या क्षणी बाण आपोआप सुटायचा. कधी सुटेल ते तिलाही ठाऊक नसायचं.

"तू दाबतोस," ती रेनोला म्हणायची. "दाबू नकोस. ओढत राहा."

"बाण मी सोडायचा की त्याने?"

"तू नुसता मध्ये मध्ये करू नकोस म्हणजे झालं."

आम्ही दोघे सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीच्या, बाहेरच्या एकाच खिळ्यावर लटकायचो. शनिवारी ती दोघं घाम काढून बाहेर आली की रेनो माझ्या पट्ट्याला तेल लावायचा. माझ्यामुळे त्याला मोठमोठी हरणं मिळाली. तिरंदाजीच्या क्लबमध्ये लोक मला हातात घेऊन बघायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग बर्फ खिडकीपर्यंत चढलं असताना इल्मा वारली. रेनोने चंद्रकोर तिच्या तिरंदाजीच्या सामानाच्या पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

वसंतात त्याने धनुष्य उचललं. कोठाराच्या मागे पेंढ्याचा गठ्ठा होता, त्यावर काळा ठिपका. रेनोने दोरी ओढली. नेम ठिपक्याच्या खाली आला आणि तिथेच थांबला. वर जाईना. रेनोचं बोट लाकडासारखं झालं. मी दोरी धरून होतो. मग बोटाने एकदम झटका दिला आणि बाण मातीत गेला. दुसऱ्या दिवशी तेच. मित्रांनो, दोरी माझ्यात अडकलेली, मी त्याच्या मनगटाला बांधलेला, आणि रेनो कुठे अडकला होता ते मला कळत नव्हतं. मला जबडा आपणहून उघडता येत नाही.

त्यांच्या क्लबात एक रीत आहे. सभासद गेला की पुढच्या उन्हाळी मेळ्याचा पहिला बाण त्याच्या घरच्याने मारायचा. तो झाल्याशिवाय मेळा सुरू होत नाही. इल्माच्या घरी रेनोशिवाय कोणी नव्हतं. त्याने क्लबात सांगून टाकलं की खांदा दुखतो, मेळ्याला येत नाही.

इल्माची धाकटी बहीण सिल्वी मांस-बटाटा भरलेल्या गरम पॅस्ट्या घेऊन आली आणि थेट कोठारामागे गेली. परत आली ती मातीने माखलेले बाण हातात घेऊनच.

"काय रे, बटाटे पेरतोयस?"

"खांदा दुखतो."

"खांदा दुखला की बाण कुठेही जातो. तुझे सगळे एकाच जागी, खाली." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा काढ आधी."

"तिने दिलाय."

"माहितीये. मी होते दुकानात. काढ."

तिने सोबत आणलेल्या क्लबच्या डब्यातले रिलीजर जेवणाच्या टेबलावर मांडले. मी पहिल्यांदाच माझी भावंडं एका रांगेत पाहिली आणि मला भीती वाटली. एक अंगठ्याने दाबायचा होता. रेनोने घेतला, आणि अंगठ्याने तोच झटका दिला. दुसऱ्याला बटणच नव्हतं. ठरल्यापेक्षा जास्त ताण दिला की तो आपोआप सुटायचा. रेनोने दोरी ओढली, पण शेवटचा ताण काही देईना. घामाघूम झाला आणि दोरी तशीच हळूहळू परत सोडली.

"सुटेल म्हणून घाबरतोस होय?" सिल्वीने विचारलं.

रेनोने तो रिलीजर परत रांगेत ठेवला.

"मग पेटीतला घे."

"तो नाही."

"मग माझ्याकडे आणखी काही नाही बाबा. पॅस्टी खा, गार होतेय."

मी मनातून खूश झालो. रेनोने मला पुन्हा बांधलं. पण पुढच्या झटक्याला माझा पट्टा त्याच्या मनगटात इतका रुतला की कातडी लाल झाली, आणि माझी खुशी तिथेच संपली.

एका दुपारी त्याने पेटी उघडली. चंद्रकोरीबरोबर लाल दोरीचा एक फास होता. एका मुठीत फास धरून, त्यात रिलीजर अडकवून, धनुष्याऐवजी त्या फासावर सराव करतात, म्हणजे चुकलं तरी बाण जात नाही. तो इल्माच्या हाताच्या मापाचा होता. रेनोचे हात लांब. तरी तो त्याच फासात कोपर दुमडून ओढत राहिला. हात वाकडा, त्यामुळे चंद्रकोर ओढतानाच फिरली आणि त्याची मूठ तोंडावर आदळली.

सिल्वी आली तेव्हा ओठ सुजला होता.

"ओठाला काय झालं?"

"दार लागलं."

"दाराला चंद्रकोर असते का?" ती हसली. मग टेबलावरचा लाल फास दिसला आणि हसायची थांबली. "रेनो, हे तिचं माप आहे. त्यात तुझा हात कसा मावेल? कोर तिचीच ठेव. दोरी तुझी कर."

 रेनोने इल्माच्या पेटीतल्याच रिळाची दोरी काढली, स्वतःच्या हाताने मापली, कापली आणि गाठ मारली. लाल फास घडी करून परत ठेवला. त्या दिवसापासून मला कोणी बांधलं नाही. मी टेबलावर पडून 'टिक्' ऐकत राहिलो. पुढे तो पेंढ्याच्या गठ्ठ्यापुढे हातभर अंतरावर उभा राहून डोळे मिटून बाण सोडू लागला. ठिपका नाही, नेम नाही. फक्त ओढणं.

मग त्याने क्लबात कळवलं की पहिला बाण मारायला येतो. मेळ्याच्या सकाळी घरातून निघताना तो दारातून परत फिरला आणि मला खिशात टाकलं. म्हणून पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

नेमासाठी उभ्या केलेल्या रबरी अस्वलासमोर सगळे जमले होते. लेरॉय नावाचा त्याचा जुना शिकारी मित्र म्हणाला, "घाई करू नकोस रे, अस्वल काही पळत नाही." लोक हसले, मग गप्प झाले. धनुष्याची चाकं फिरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.  मला तो क्षण ठाऊक होता, मी तिथे किती वेळा अडकलो होतो! मला वाटलं, आता झटका देणार.

टिक्.

तो ओढत राहिला. आणि बाण गेला. रेनोच्या तोंडून एक आवाज निघाला, कोणीतरी पाठीवर अचानक हात ठेवल्यावर निघतो तसा.

"अरे, अस्वलाचा पाय मोडलास की!" लेरॉय ओरडला.

"गप रे," सिल्वी म्हणाली. 

रेनोने खिशात हात घातला आणि मला घट्ट धरलं. "सुटला," तो म्हणाला. "इल्मा, सुटला गं."

मित्रांनो, आता चंद्रकोर रेनोच्या हातात असते आणि मी इल्माच्या पेटीत, तिच्या जागी. लाल फास माझ्या शेजारी आहे. शनिवारी सौनानंतर रेनो अजूनही माझ्या पट्ट्याला तेल लावतो, नाहीतर कातडं तडकतं. तुमच्याही घरात कोणीतरी दिलेली जुनी वस्तू असेल. तिला पुसा, तेल द्या, जपा. पण तिच्यामुळे तुमचा हात अडकू लागला, तर तिला खाली ठेवा. आम्हाला वाईट वाटतं, पण ते थोडे दिवस.

रेनो पेटीचं झाकण आता लावत नाही. मला खिडकी दिसते.