अडीअडचणीसाठी ठेवलेली पेटी

मी लोखंडाची हिरवी पेटी. अंगावर पिवळी अक्षरं होती, ती आता अर्धीअधिक खरवडली गेलीत. पोटात रिव्हॉल्वरची काडतुसं आहेत, अगदी गळ्यापर्यंत. एवढ्यानं दचकू नका. माझ्यामुळे कुणाचा जीव गेलेला नाही. एक जीव सुटायला हवा होता, तो माझ्यामुळे वेळेवर सुटला नाही. ती बोच मनात आहे, म्हणून बोलायला बसले.

माझा जन्म कारखान्यातला, सैन्याच्या कामासाठी. झाकणाला आतून रबराची पट्टी बसवली आणि एका कामगारानं मला पाण्याच्या हौदात बुडवून बघितलं. थेंबभर पाणी आत गेलं नाही. "ही पक्की," तो म्हणाला. आयुष्यात माझं झालेलं कौतुक ते एवढंच, पण ते डोक्यात गेलं. घट्ट बंद राहणं हाच आपला मोठेपणा असं मी तेव्हापासून धरून चालले.

सैन्यानं मोडीत काढल्यावर मी अमेरिकेतल्या मिझुरीच्या डोंगराळ भागात टबीच्या दुकानात आले. तिथं कोंबड्यांचं खाद्य आणि काटेरी तार यांच्यामध्ये धूळ खात पडले होते. वर्लिन स्टॉडर्डनं मला उचललं, झाकण दोनदा लावून बघितलं आणि घरी आणलं.

वर्लिन माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. जन्मभर गॅसचा टँकर चालवला, कुणाच्या दारात गाडी रुतली तर न बोलावता साखळी घेऊन जायचा. पण एकदा वावटळीनं सगळा भाग उलटापालटा केला, कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि त्याच्या मनात भीतीनं घर केलं ते कायमचं. स्वयंपाकघराखाली तळघर आहे. ते त्यानं राजमा, मीठ, कंदिलाचं तेल आणि पाण्याच्या पिंपांनी भरून टाकलं. त्यांच्याच रांगेत काडतुसं.

काडतुसांच्या बाबतीत तो फार चोखंदळ. त्याचं पिस्तूल नऊ एमएमचं. नवी काडतुसं आणली की आधी थोडी माळावर उडवून बघायचा. पिस्तुलात अडकली नाहीत तरच बाकीची साठवायची. सरावाची स्वस्तातली वेगळी, घराच्या रक्षणाची वेगळी. जुनी आधी वापरायची, नवी मागे ठेवायची. त्याची बायको वाँडा पीचच्या बरण्या अशाच लावते, त्यामुळे या बाबतीत दोघांचं छान जमायचं.

बिघडलं ते डेलमुळे. डेल हा वर्लिनचा कॉफीचा सोबती, जगाचा शेवट कसा होणार ते त्याला पाठ.

"नुसती आपल्या मापाची काय ठेवतोस?" एके सकाळी तो वर बसून म्हणाला. "दिवस फिरले की नोटांना कोण विचारतो? तेव्हा काडतूस हाच पैसा. ज्या मापाची बंदूक घरात नाही, तीही काडतुसं ठेव. बदल्यात डिझेल मिळेल, अंडी मिळतील."

"अंडी म्हणे!" वाँडा चुलीपाशी होती. "ओलेटा दर शनिवारी फुकट देते, ती आधी संपवा दोघं मिळून."

"आणि हे बघ," डेल आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही. अडचण आली की पहिल्याच दिवशी मागणारे दारात उभे राहतात."

तेव्हा दुकानांत काडतुसांचा दुष्काळच होता. टबीकडे माल आला की वर्लिन दार उघडायच्या आधी हजर. अडतीस मापाच्या रिव्हॉल्वरची होती नव्हती ती सगळी काडतुसं त्यानं उचलली आणि माझ्यात भरली. या घरात अडतीसचं रिव्हॉल्वर नाही. म्हणजे माझ्या पोटातलं एकही काडतूस या घराच्या कामाचं नव्हतं. तरी मी भरले, जड झाले आणि मला त्याचा गर्वच वाटला.

ओलेटा प्रूइट आमच्या रस्त्याच्या शेवटच्या घरात राहते. वय झालेली, एकटी; इथं मानानं सगळे तिला मिस ओलेटा म्हणतात. नवरा जाताना तिच्यासाठी दोन वस्तू ठेवून गेला: एक अडतीसचं रिव्हॉल्वर आणि सेनेटर नावाचं खेचर. काम सांगितलं की ते मान डोलवायचं आणि जागचं हलायचं नाही, म्हणून नाव सेनेटर. तिचं बोलणंचालणं सगळं त्याच्याशीच.

त्या हिवाळ्यात आभाळातून पाणी पडलं ते पडता पडताच गोठलं. झाडं काचेची झाली आणि मोडून रस्त्यावर आली. वीज गेली, फोन गेले. वर्लिन स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "आता कळेल सगळ्यांना." त्याच्या आवाजात काळजी होती, पण थोडा आनंदही होता. मलाही झाला होता. आमचे दिवस आले होते ना!

दुपारी दार वाजलं.

"मिस ओलेटा! अशा बर्फात चालत आलात?"

"वर्लिन, बाळा, तुझ्याकडे अडतीसची काडतुसं असतील का रे? दोन पुरेत. माझी डबी रिकामी निघाली, आणि टबीकडे केव्हापासून मिळतच नाहीत."

डेलचे शब्द त्याच्या कानात वाजत असणार. तो म्हणाला, "माझ्याकडे अडतीसचं रिव्हॉल्वरच नाही, मिस ओलेटा."

शब्दन् शब्द खरा होता. इतकं खोटं बोलणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "त्या ओकची फांदी वाकलीय बघ, छपराला सांभाळ."

"आत तरी या, कॉफी घ्या."

"नको, काम पडलंय."

इथली माणसं एकदाच मागतात. नाही म्हटलं की हवापाण्याचं बोलतात आणि निघतात. का हवंय ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. आणि मी? मी खाली अंधारात होते आणि आपण किती घट्ट बंद आहोत याचं मला त्या क्षणीही समाधान वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

थोड्या वेळानं वाँडा लाकडं घेऊन आत आली. "ही म्होरकी ओट्याच्या कठड्यावर कुणी टाकली?"

"ओलेटा आली होती. पायऱ्या उतरताना कठडा धरला असेल, राहिली असेल."

"सेनेटरच्या तोंडाची आहे ही. वर्लिन, अशा बर्फात जनावराची म्होरकी कोण काढतं? पडलेल्या, पुन्हा न उठणाऱ्या जनावराचीच काढतात." मग तिचा आवाज बदलला. "काय मागायला आली होती ती?"

"काडतुसं."

"कुठली?"

त्यानं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"आपल्या खाली आहेत ती?"

"ती अडीअडचणीसाठी आहेत, वाँडा."

"मग ही काय सहल चाललीय?"

वर खुर्ची सरकली. तळघराचं दार उघडलं आणि मला उचललं गेलं. वाटेत झाडं आडवी होती. ती ओलांडताना वर्लिन घसरत होता, पडत होता आणि मी त्याच्या गुडघ्यावर आदळत होते. एका शब्दानं तो कुरकुरला नाही. वाँडा मागून येत होती.

सेनेटर गोठ्याखालच्या उतारावर पडलं होतं. पुढचा पाय मोडलेला. पहाटेपासून तसंच. त्याच्या अंगाच्या उबेनं खालचं बर्फ वितळलं होतं आणि पुन्हा गोठलं होतं. ओलेटानं घरातल्या गोधड्या त्याच्यावर घातल्या होत्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी रिकामं रिव्हॉल्वर होतं आणि कुऱ्हाड. पातं कोरडं होतं. तिनं ती उचलून पाहिली असावी आणि हात चालला नसावा.

"मी पिस्तूल आणलंय," वर्लिन म्हणाला. "तुम्ही घरात जा, मी करतो."

"नाही. माझं जनावर आहे."

इथं ते ज्याचं त्यालाच करावं लागतं. वर्लिननं मला बर्फावर ठेवलं आणि कडी काढली.

झाकण उघडलं. पोटातली पितळ लखलखत होती, एकही ओळ कमी नाही. ओलेटा माझ्यात बघत राहिली, मग तिनं वर्लिनकडे बघितलं, मग पुन्हा माझ्यात. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण रिकामी असतो तर बरं झालं असतं.

तिनं दोनच उचलली, मागितली होती तेवढीच. सेनेटरच्या कानात काहीतरी बोलली. एकच लागलं.

मग तिनं उरलेलं काडतूस परत माझ्यात ठेवलं. उडालेल्या काडतुसाचं रिकामं नळकांडंही रिव्हॉल्वरमधून काढून, एप्रनला पुसून, त्याच्या शेजारी ठेवलं. उसनी वस्तू परत करावी तसं.

"मिस ओलेटा, ही सगळी घ्या. कृपा करून घ्या," वर्लिन म्हणाला. तो रडत होता.

"असू दे, बाळा," ती म्हणाली. "ठेव तुझ्याकडे. अडीअडचणीला लागतील."

त्यात टोमणा नव्हता. असता तर वर्लिनला सोसला असता.

बर्फ वितळल्यावर त्यानं ट्रॅक्टरनं खड्डा काढून सेनेटरला पुरलं. त्या शनिवारी आमच्या ओट्यावर नेहमीसारखी अंडी आली. बदल्यात काही न घेता. वाँडानं ती तळून वर्लिनच्या पुढ्यात ठेवली आणि त्यानं ताटली बाजूला सारली.

आता पुन्हा हिवाळा आलाय. मी तळघरात नाही. पुढच्या दाराशी, चिखलाच्या बुटांशेजारी आहे, कडी काढलेली. दमट हवा आत शिरते, पितळेवर डाग पडताहेत. डेल हसतो: "सगळा माल नासवशील!" वर्लिन कडी काढलेलीच ठेवतो. मला उचलून इकडची तिकडे ठेवलं की ते रिकामं नळकांडं भरलेल्यांत वेगळंच वाजतं, आणि तो हात थांबवतो.

ज्यांनी ज्यांनी काही साठवून ठेवलंय त्यांना माझं सांगणं एवढंच: दारातलं माणूस रिकाम्या हातानं वळण्याआधी झाकण उघडा.

ओलेटा रस्त्यानं जाते तेव्हा हात हलवते, हवापाण्याचं बोलते. वर्लिन दार उघडं धरून उभा राहतो. मीही उघडीच असते.

ती काही मागत नाही.