कागद कुणाकडं जातो

इंग्रजीच्या वर्गात श्रीशैल सरांनी कागद वाटले, तेव्हाच लुंबिनीला शंका आली. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात ती बारा वर्षं सिस्टर होती. पेशंटच्या नातेवाइकांचे परदेशातून फोन यायला लागले, म्हणून दवाखान्यानंच हा वर्ग लावला होता. कागदावर वाक्यं होती. फोनवरचं बोलणं समजतं, औषधाची माहिती सांगता येते, अशी. प्रत्येकापुढं तीन चौकोन: जमतं, मदतीनं जमतं, अजून नाही.

"तुमचं तुम्हीच तपासा, अन् कागद माझ्याकडं द्या. ही परीक्षा न्हाई," सर म्हणाले.

"मग कागद जमा कशाला करून राहिले?" लुंबिनीनं शेजारच्या सिंधुला हळूच विचारलं.

मागच्या वर्षी 'तक्रारी मोकळेपणानं लिहा' असा कागद आला होता. सिंधुनं मोकळेपणानं लिहिलं, आणि पंधरा दिवसांत तिला वॉर्डातून काढून तळघरातल्या स्टोअरला बसवलं. लुंबिनीनं सगळीकडं 'जमतं'वर खूण केली आणि कागद देऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेट्रन मंजुश्रीबाईंनी तिला बोलावून फोन पुढं केला. "सात नंबरच्या आजोबांची सून हाय, ऑस्ट्रेलियातून. तिला मराठी येत न्हाई. तुम्हाला जमतं ना? तुम्हीच लिवलंय."

म्हणजे कागद पोचला होता.

पलीकडची बाई भरभर बोलत होती. "स्लोली, प्लीज," लुंबिनी म्हणाली. बाई थांबली, मग एकेक शब्द सुटा करून विचारू लागली. जेवले का? घाबरलेत का? प्रश्न कळले, पण उत्तराला शब्द सापडेनात.

"ही ईट. लिटल. ही आस्क यू," कसंबसं तिच्या तोंडून निघालं. थोडंसं जेवतात, तुमची विचारपूस करतात, एवढंच तिला सांगायचं होतं.

बाई रडायला लागली. आपण भलतंच तर बोललो नाही? लुंबिनीनं मेट्रनकडं पाहिलं. त्या तिच्याकडंच टक लावून होत्या. थोड्या वेळानं फोनमधून "थँक यू, सिस्टर" एवढं ऐकू आलं.

संध्याकाळी तिनं सरांना वर्गाच्या दारातच गाठलं.

"माझा कागद मेट्रनला तुम्ही दिला?"

सरांनी मान खाली घातली. "दिला न्हाई, सिस्टर. टेबलावरून त्यांनीच उचलला. मी अडवलं न्हाई. मीबी हितं नवाच हाय."

ही कबुली खरी, की हाही एक डाव? तिनं त्यांचा चेहरा न्याहाळला.

"कोरा कागद द्या एक," ती शेवटी म्हणाली.

मागच्या बाकावर बसून तिनं तो भरला. बोलणं: अजून नाही. औषधाची माहिती: अजून नाही. फोनवरचं समजणं, इथं तिचा पेन अडला. त्या बाईनं सावकाश विचारलं म्हणून कळलं होतं. पण कळलं होतं खरं. तिनं 'मदतीनं जमतं'वर खूण केली.

सरांनी हात पुढं केला. तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"हा माझ्यापाशीच ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ द्या. महिन्यानं काढून बघा फकस्त."

"बघीन. तुम्हाला दाखवायचा का, ते मी ठरवीन," लुंबिनी म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन तिनं धडा उघडला.