चिकूच्या वासात कोंडलेली मोटार

मी एक जुनी निळी मोटार आहे, मित्रांनो. वय वर्षं एकोणीस. डहाणूजवळच्या एका वाडीत, पत्र्याच्या शेडमध्ये राहते. राहते कसली, कोंडलेली असते म्हणा! एके काळी माझ्या मालकांना, रामनाथकाकांना घेऊन मी विवळवेढ्याच्या जत्रेला जायचे. त्यांच्या मुलाची, प्रितमची नवी नवरी मयुरा माझ्यातच बसून घरी आली. मग नवी गाडी आली आणि माझ्याभोवती चिकूचे क्रेट रचले गेले. फळं लवकर पिकावीत म्हणून दारं घट्ट बंद! त्या उबेत मीही पिकत पडले.

दर रविवारी काका दारं उघडून मला पाच मिनिटं चालू करायचे. तेवढाच मोकळा वारा. अशातच इंजिनकडे पेट्रोल नेणारी माझी रबरी नळी कडक होऊन चिरली आणि थेंब ठिबकू लागले. मला कळत होतं, पण सांगणार कशी? पिकल्या चिकूंच्या वासात पेट्रोलचा वास पार बुडून गेला होता. ओला डाग बघून काकांच्या पत्नी नर्मदाकाकू म्हणायच्या, "फळ फुटलं वाटतं एखादं."

पेट्रोलचा काटा उतरलेला पाहून काकांनी वाणगावच्या उमेश मेकॅनिकला बोलावलं. त्याने चावी न लावताच नळीवरून हात फिरवला. "एकदम कोरडी आहे काका, काटाच बिघडलाय," असं म्हणून तो गेला. मला त्याचा अस्सा राग आला!

दसरा आला. बॉनेट उघडून मला झेंडूचा हार घातला. पूजेला माझे पुढचे दिवे लागलेले हवेत म्हणून काकांनी चावी फिरवली. पंप घुरघुरला, नळीत दाब चढला आणि थेंब गळू लागले. समोरून काकू निरांजन घेऊन येत होत्या. एकोणीस वर्षं या बाईने मला हळदकुंकू लावलं, आणि आज माझ्यामुळेच ती पेटणार! चार चाकं असून मला वीतभर मागे सरकता येईना. मित्रांनो, इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

मयुरा चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली आणि तशीच थबकली. शेडभर सांडलेल्या रसाला मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. माझ्याखालच्या ओल्या डागावर मात्र एकही मुंगी नव्हती.

"आई, थांबा! निरांजन बाहेर न्या आधी! हा चिकूचा रस नाही, पेट्रोल आहे!"

काकू तशाच मागे फिरल्या. काकांनी चावी बंद केली आणि सगळ्यांनी मला ढकलत अंगणात आणलं. कितीतरी महिन्यांनी डोक्यावर आभाळ दिसलं.

उमेश आला तो मान खाली घालूनच. "चावी बंद असली की हिच्या नळीत प्रेशर नसतं काका. मी तशीच बघितली, चुकलंच माझं." या वेळी त्याने चावी लावून टॉर्चच्या उजेडात चीर शोधली. मग बॅटरीची वायर काढली, उरलेला दाब सोडला आणि दाब सोसणारी नवी नळी बसवली. पुन्हा चावी लावून नळीवरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना बोलता येत नाही. आमच्याखाली डाग दिसला तर अंदाज बांधू नका, वाकून बघा.

मी पुन्हा शेडमध्ये आले, आणि पूजेआधी काकू आता तेच करतात. निरांजन बाहेर ठेवून, गुडघे दुखत असतानाही माझ्याखाली वाकतात. रसावर मुंग्या दिसल्या की माझ्या बॉनेटवर थोपटून म्हणतात, "हां, बरी आहेस गं बाई."