बायडीची वाव

घिवलीच्या धर्माजी तांडेलाचं बोलणं गावात कुणी खरं धरत नसे, आणि त्यात गावाची काही चूक नव्हती. एकदा म्हणे एक मुशी, म्हणजे शार्क मासा, त्याच्या होडीमागोमाग डहाणूपर्यंत आली आणि परत फिरताना शेपटीनं रामराम करून गेली. एकदा वादळात त्याची चिलीम समुद्रात पडली, ती वर्षभरानं एका घोळ माशाच्या पोटात सापडली, आणि आतला विस्तव जिवंत होता. आता घोळीच्या पोटात चिलीम सापडू शकते, तेवढ्यावर कुणी वाद घालू नये. वाद होता तो विस्तवाचा.

पण हाच धर्माजी पाण्याच्या खोलीबद्दल कधी खोटं बोलला नाही. शिशाचा गोळा बांधलेला दोर तो समुद्रात सोडायचा, गाठी बोटांनी चाचपायचा आणि सांगायचा, इथं इतकी वाव पाणी. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं अंतर होतं, ती एक वाव. होडीचा म्होरक्या असलेला तांडेलच खोलीच्या बाबतीत थाप मारेल तर होडी वाळूत रुतेल, जाळं खडकावर फाटेल. म्हणून त्याच्या मुशीला हसणारे खलाशी त्याच्या दोरावर मात्र डोळे मिटून विसंबत. धर्माजीकडे खरेपणा म्हणून जो काही होता, तो सगळा त्या एका दोरात होता.

मग त्याची बायको बायडी गेली. धर्माजीनं होडी पुतण्याच्या हवाली केली आणि दोर खुंटीला टांगला. घरात ऐकायला कुणी उरलं नाही, तेव्हा तो अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांना गोष्टी सांगू लागला. बोंबील मोठे गुणी श्रोते. जबडे उघडे टाकून ऐकतात, कंटाळत नाहीत, उठून जात नाहीत. फक्त मधेच कधी "खोटं!" म्हणत नाहीत. बायडी म्हणायची.

ते दिवस तारापूरला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता तेव्हाचे. सगळ्या मुलखात मोजणीवाले असे सुटले होते की माणूस रस्त्यात जरा वेळ उभा राहिला तर त्याचीही लांबी-रुंदी घेऊन जातील. त्यातल्याच एका कचेरीनं वाणगावच्या पलीकडच्या डोंगरातली एक कपार नकाशावर आणायचं ठरवलं. डोंगरातले लोक तिला 'मुकी' म्हणत. कारण तिच्यात धोंडा टाकला तर पडल्याचा आवाज येत नसे. हाक मारली तर ती आत जायची, परत यायची नाही.

मोजायला आला रामकिसन. पारनेरकडचा, पोरसवदा नाही पण लग्नाला फार दिवस न झालेला, शिकलेला आणि नीटनेटका. त्याला दोरावर लोंबकळायला न भिणारा माणूस हवा होता. धर्माजी आपण होऊन गेला. पैशासाठी नव्हे. तिथं माणसं होती आणि ती बोंबलांसारखी गप्प नव्हती.

"भीती वाटंल का, तांडेल?" रामकिसननं विचारलं.

"सायेब, आमी डोलकाठीच्या शेंड्यावर बसून जेवनारी मानसं. वरून खाली पडलो तर पानी, हितं खाली पडलो तर जमीन. जमीन बरी, बुडायची भीती नाय."

डोंगरातला नामदेव वरचा दोर सांभाळायला होता, चार माणसं हाताशी घेऊन. तोही काही कमी नव्हता. "आमची एक शेली पडली व्हती मुकीत," तो म्हणाला. "दुसऱ्या साली दातिवऱ्याला दर्यातून भायेर निंगाली. दाडीला मीठ लागलं व्हतं."

धर्माजीनं त्याच्याकडे आदरानं पाहिलं. "मी बगितली तिला," तो म्हणाला. "पोहत व्हती."

मुकी सरळ खाली जाणारी होती, पण एका दमात नाही. आधी एक उभी विहीर, काळ्या कातळाची. मग एक कट्टा, वाघळांनी भरलेला. तिथून अंग चोरून पुढं सरकलं की दुसरी विहीर, मग दुसरा कट्टा, जेमतेम दोन माणसं टेकतील एवढा. आणि त्याच्याखाली तिसरी, जिच्यात कंदिलाचा उजेड उतरायचा आणि वाटेतच संपायचा. रामकिसन आणि धर्माजी एकेक करून फळीच्या पाळण्यात बसून उतरले. प्रत्येक वेळी आधी नुसता कंदील सोडायचा. तो विझला नाही तर माणूस सोडायचा. दोराला एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे. रामकिसननं पहिल्या दोन विहिरी पोलादी टेपनं मोजल्या, कंपासावर दिशा घेतल्या. तिसरीत टेप पुरा सोडला, तरी टोक हवेतच झुलत राहिलं.

"आता?" रामकिसन म्हणाला.

धर्माजीनं खांद्यावरचं वेटोळं काढलं. झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून तांबडा केलेला, वावेवावेला गाठ असलेला, समुद्राचा वास अजून न सोडलेला दोर. तळाचं काही चिकटून वर यावं म्हणून गोळ्याच्या बुडाला साबण चोपडून त्यानं तो सोडला. गाठी बोटांखालून गेल्या, जात राहिल्या, आणि मग दोर हलका झाला. टेकल्याचा आवाज आला नाही.

"गाठी कुणी मारल्यात?"

"घरच्याच हायेत," धर्माजी म्हणाला.

दिवसभर त्याचं तोंड मिटलं नव्हतं. मुशी सांगून झाली, चिलीम सांगून झाली. एवढं एकच वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं. परक्या माणसापुढे, अंधारात, गेलेल्या बायकोचं नाव कुठं काढायचं? आणि समुद्रावर त्यानं काय फरक पडत होता? तिथं हाच दोर, आणि याच दोराची आठवण. अमक्या खडकावर इतक्या गाठी, तमक्या वाळूवर इतक्या. फूट कधी कुणी विचारले नव्हते.

दोर तर खाली गेलेला. म्हणून रामकिसननं धर्माजीलाच हात पसरायला लावले, बोटापासून बोटापर्यंत टेप लावला आणि गाठींना त्यानं गुणलं.

गोळा वर आला तेव्हा साबणाला काळपट, मऊ काहीतरी चिकटलं होतं. समुद्रातला गाळ चाखून बघायची सवय. धर्माजीनं बोट जिभेपर्यंत नेलंही. वासानं वाचवलं. पिढ्यान् पिढ्यांची वाघळांची लीद होती ती. मुकी का मुकी आहे ते कळलं. गादीवर धोंडा टाकला तर कुणाला ऐकू येणार?

पुढच्या आठवड्यात रामकिसन डोंगरावर आला तो पडलेल्या चेहऱ्यानंच.

"तांडेल, तुमच्या आकड्यानं मुकीचा तळ समुद्राच्याही खाली जातोय. तिथं पाणी पाहिजे. अन् गोळा आला कोरडा. कचेरीत मला हसले सगळे." त्यानं सोबत तारेचं रीळ आणलं होतं. दुसऱ्या कट्ट्यावरून त्यानं तार सोडली. तार कितीतरी आधी टेकली.

वर आल्यावर तो फार काही बोलला नाही. पारनेरचा माणूस, घाव घालायचा तर एकच घालतो.

"मुशीचं ठीक आहे हो," तो म्हणाला. "दोरात तरी थाप मारायची नव्हती."

नामदेवानं मान दुसरीकडे वळवली. आयुष्यभर लोक धर्माजीला थापाड्या म्हणत आले आणि तो हसत आला, कारण त्याला ठाऊक होतं की दोर खुंटीवर आहे. आता दोरही गेला. गावात कळलं तर पुतण्या होडीवर खोली विचारणार नाही. आजवर त्यानं जिथं जिथं इतकी वाव म्हणून सांगितलं, ते सगळं पाणी खोटं ठरणार.

"मला पार तळाला सोड," तो नामदेवाला म्हणाला. "दोर घेऊन जातो. काय चुकलं ता बगतो."

"एकटाच?" रामकिसन म्हणाला. "कशाला? मोजून झालंय."

"तुमचं झालं, सायेब. माजं नाय झालं."

दुसऱ्या कट्ट्यापर्यंत रामकिसन बरोबर आला. त्याखाली कंदील सोडला, विझला नाही. मग धर्माजी उतरला. डोक्यावरचा उजेड बोराएवढा झाला, मोहरीएवढा झाला, आणि मग नुसता तिथं असेल असं धरून चालायचं. पाय लिदीत घोट्यापर्यंत बुडाले. इतकं कोरडं, इतकं मऊ, इतकं गप्प. समुद्रात माणूस कधी एकटा नसतो, पाणी बोलत असतं. इथं त्याला स्वतःचा श्वाससुद्धा कुणीतरी काढून घेतल्यासारखा वाटला.

घाबरल्यावर तो जे करायचा तेच त्यानं केलं. गोष्ट सांगू लागला.

"एकदा काय झाला," तो मोठ्यानं म्हणाला, "मी डोंगराच्या पोटात गेलो, तं तिथं एक शेली बसलेली, दाडीला मीठ..."

शब्द लिदीत पडले आणि बुडाले. तो थांबला. कुणी "खोटं!" म्हणालं नाही. कुणी म्हणणारही नव्हतं.

हाताला चाळा म्हणून त्यानं दोर गोळा करायला घेतला. होडीवर घाईत तो ओढून काढायचा, कसाही. आज घाई नव्हती. त्यानं तो छातीवरून आडवा धरला, डावा हात ताणला, उजवा हात ताणला, आणि गाठ उजव्या मनगटापाशीच आली. पंजा पलीकडे रिकामा राहिला. दुसरी वाव घेतली. गाठ मनगटापाशीच. तिसरी. तिथंच.

मग त्याला अंगण दिसलं. बायडी पाय पसरून बसलेली, ठेंगणी, आखूड हातांची, तांबडा दोर छातीवरून ओढत. तो शेजारी बसून मुशीची गोष्ट सांगतोय. आणि ती दातात दोर धरून म्हणतेय, "थांब, गाठ मारू दे. मंग पुडची थाप मार."

धर्माजी कंदिलापाशी लिदीतच खाली बसला. वर दोर धरून माणसं वाट पाहत होती, तरी त्यानं दोन हिसके द्यायला बराच वेळ घेतला.

कट्ट्यावर आला तेव्हा रामकिसन काही विचारायच्या आत तो म्हणाला, "दोर खरा हाय, सायेब. हात चुकीचं मोजलं तुमी. गाठी माज्या नाय. बायकोनं मारल्यात. बायडी. आता ती नाय."

रामकिसननं त्याच्याकडे पाहिलं. थापाड्या माणसाची ही सगळ्यात मोठी थाप असू शकत होती. पण त्यानं टेप काढला आणि कंदिलाच्या उजेडात दोन गाठींमधे धरला. मग पुढच्या दोन. मग मधेच कुठल्यातरी. सगळीकडे तेवढंच. गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं पुन्हा गुणाकार केला, आणि तारेच्या आकड्यापासून फरक उरला तो वीतभर.

"जुळलं," तो म्हणाला. थोडा वेळ तो टेप नुसताच गुंडाळत, उलगडत राहिला. "इतकं सारखं मशीनला पण जमायचं नाही. आधी का नाही बोललात, तांडेल? सगळं बोलता."

"ता सोडून," धर्माजी म्हणाला.

"माफ करा मला."

"माफी कसली? तुमी मुशीवर इस्वास ठेवा, हिशोब फिटला."

रामकिसन हसला. वर आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं नामदेवाला सांगितलं, "तांडेलचा दोर बरोबर आहे." आणि थोडं हळू, "माझ्या बायकोचे हात केवढे आहेत, मला सांगता येणार नाही बघा."

मुकीचं काम संपलं. रामकिसन पुढच्या डोंगराकडे गेला, तिथं त्याला तारेचं रीळ पुरेसं होतं. धर्माजी दोर खांद्यावर टाकून घिवलीला परतला.

शेजारची भागी मासळीला मीठ लावत होती. तिनं हाक मारली तसे आणखी चारजण गोळा झाले. गाव थापेसाठी तयार होऊन बसलं.

"काय रे धर्माजी, किती खोल व्हती ती?"

"बायडीनं बांदलेल्या दोरात बसली," तो म्हणाला. "थोडा उरला पन."

"झाला सुरू!" भागी हसून म्हणाली. "डोंगराच्या पोटात बायडी कुठशी आली रे? काय तरी पटंल असा सांग. तुजी ती मुशी बरी."

सगळे हसले. धर्माजीही हसला. जन्मात पहिल्यांदा गोष्ट म्हणून निव्वळ खरं सांगितलं होतं, आणि ते कुणालाच नको होतं. मग त्यांच्या समाधानासाठी त्यानं त्यांना दाढीला मीठ लागलेली शेळी दिली. ती त्यांनी आनंदानं घेतली आणि ते आपापल्या घरी गेले.

उन्हं कलली. बोंबील वाऱ्यावर जबडे उघडून लटकत होते. खुंटीला टांगण्याआधी धर्माजी अंगणात दोर घेऊन बसला आणि छातीवरून एकेक वाव ओढू लागला. हळू आवाजात मुकीची गोष्ट, पहिल्यापासून, दोराला सांगू लागला. प्रत्येक गाठीपाशी तो थांबायचा. कुणीतरी गाठ मारून "खोटं!" म्हणेल, एवढा वेळ थांबायचा. आणि मग पुढं सांगायचा.